बी.ए. इंग्रजीनंतर परदेशात शिकवायला जायचंय: प्रमाणपत्र, बी.एड. की आधी पासपोर्ट?

अंबाजोगाई_टीवाय विचारतात:

नमस्कार. मी बी.ए. तृतीय वर्षाला आहे, ऐच्छिक विषय इंग्रजी. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, मग बारावी कला. निकालानंतर परदेशात इंग्रजी शिकवायला जायचा विचार पक्का आहे. व्हिएतनाम, थायलंड, चीन, जपान, कुठंही चालेल.

संभाजीनगरच्या एका कन्सल्टन्सीनं '१२० तासांचं ऑनलाइन टेफल + चीनमध्ये नोकरी + व्हिसा' असं पॅकेज १ लाख ८० हजारांत सांगितलंय. टेफल म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचं प्रमाणपत्र. त्यातले २५ हजार आत्ताच भरायचे म्हणतात. घरचे म्हणतात आधी गुपचूप बी.एड. कर.

ते ऑनलाइन प्रमाणपत्र पुरतं का? बी.एड. खरंच लागतं का? आणि कागदपत्रांची सुरुवात कुठून करू? पासपोर्ट काढलेला नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं आहे.

---

गोदाकाठ:

ताई, ते २५ हजार भरू नका. कन्सल्टन्सी बरी की वाईट हा नंतरचा प्रश्न, त्यांनी देशच चुकीचा निवडलाय.

बहुतेक जण आधी प्रमाणपत्र घेतात आणि मग देश शोधतात. क्रम उलटा पाहिजे. आपल्या हातात भारतीय पासपोर्ट असणार. त्या पासपोर्टवर कोणता देश इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा देतो हे आधी पाहायचं, आणि तो देश जे मागतो त्यावरच पैसे घालायचे.

चीन: शिक्षकाला झेड व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. भाषा शिकवणाऱ्यानं शक्यतो आपली मातृभाषाच शिकवावी, असा तिथला नियम आहे. त्यामुळं इंग्रजीच्या जागेसाठी ब्रिटन, अमेरिका, कॅनडा वगैरेंचे पासपोर्ट पाहतात. भारतीय उमेदवाराला एजंट बऱ्याचदा बिझनेस किंवा विद्यार्थी व्हिसावर पाठवतात, 'तिथं गेल्यावर बदलून मिळतो' म्हणून. त्या व्हिसावर वर्गात उभं राहणं म्हणजे बेकायदा काम. पकडलं तर शिक्षक घरी येतो, एजंट नाही.

कोरिया: सरकारी शाळांची एपिक नावाची योजना मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतासोबतचा सेपा हा व्यापार करार २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीय शिक्षकाला सहायक म्हणून एक अरुंद वाट आहे, पण त्यासाठी इंग्रजीची पदवी आणि अध्यापनाची पात्रता, म्हणजे आपल्याकडचं बी.एड., लागतं. जागाही मोजक्याच.

जपान: इथं मराठी माध्यमवाल्यांनी थांबून वाचावं. शाळेत सहायक शिक्षक म्हणून जो इन्स्ट्रक्टर व्हिसा मिळतो, त्याला जी भाषा शिकवायची त्याच भाषेतून १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा लागतो. दहावीपर्यंत मराठी शाळा म्हटल्यावर ती बारा वर्षं भरत नाहीत. टेफल करा, सेल्टा (केंब्रिजचं इंग्रजी शिक्षकांचं प्रमाणपत्र) करा, हा आकडा बदलत नाही. खासगी भाषावर्गांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो, पण ते वर्गही पासपोर्ट बघूनच घेतात.

व्हिएतनाम आणि थायलंड: आपल्यासाठी खऱ्या अर्थानं उघडी दारं ही. व्हिएतनामच्या भाषाकेंद्रात परदेशी शिक्षकाला पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र आणि मातृभाषा इंग्रजी नसेल तर सी-१ दर्जाचा, म्हणजे वरच्या पातळीच्या इंग्रजीचा, पुरावा लागतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सी-१ म्हणजे ७ बँडपासून पुढं. शिवाय पोलिसांचा दाखला आणि आरोग्य तपासणी. थायलंडला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी असे तीन वेगळे कागद आहेत. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० च्या पुढं गुण मागतात.

आखाती देशांबद्दल दुसरं कुणी सविस्तर लिहील. तिथं हिशेब वेगळा आहे, सीबीएसई शाळा आणि बी.एड.

---

हिशेबी:

एजंटाबद्दल थोडक्यात. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात नाव, नोंदणी क्रमांक आणि मुदत तपासा. उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतं. १ लाख ८० हजारांत 'कोर्स' दीड लाखाचा दाखवला असणार, म्हणजे मर्यादा ओलांडल्याचं दिसत नाही. ऑनलाइन टेफलची बाजारातली किंमत बघा म्हणजे समजेल.

विद्यार्थी परदेशी पाठवणारी कन्सल्टन्सी आणि नोकरी लावणारा एजंट हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्याची पाटी असून दुसरं काम करणारे बरेच आहेत. पावती मागितल्यावर 'पावती नंतर' म्हणाले तर तिथूनच उठा.

---

जुना_टंकलेखक:

कागदांचं मी सांगतो. यातच वर्ष जातं, आणि जातं ते उगं जातं.

पहिलं, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असणं ही चूक नाही. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर 'आडनाव प्रथम' असं छापलेलंच असतं. पासपोर्टच्या अर्जात आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात भरायचं. क्रमाची भीती सोडा.

स्पेलिंगची मात्र धरा. रामराव एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून, दीपकमध्ये एकदा डबल ई आणि एकदा आय, ज्ञानेश्वर तर तीन तऱ्हांनी. परदेशातला माणूस अक्षर न अक्षर जुळवतो, उच्चार नाही. दहावीचं प्रमाणपत्र पायाचं धरा आणि आधार, पॅन, पासपोर्ट, पदवी सगळं त्याच्याकडं ओढून आणा. आधारपासून सुरुवात करा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे राहतात. फरक मोठा असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. नुसतं बाँडवरचं प्रतिज्ञापत्र इथल्या बँकेत चालेल, हनोईत चालणार नाही.

आपलं विद्यापीठ पदवी छापायच्या आधी अर्ज भरून घेतं. त्यातलं इंग्रजी नाव तीनदा वाचा. छापल्यानंतर दुरुस्ती म्हणजे विद्यापीठाच्या खेपा. कॉलेजातून मिळणारं पासिंग सर्टिफिकेट वर्क परमिटला चालत नाही, मूळ पदवीच लागते. दीक्षान्त समारंभाची वाट पाहत बसू नका, अर्ज वेळेत करा. बी.ए.च्या पदवीवर विषयाचा ठळक उल्लेख नसेल तर सगळ्या सत्रांचं एकत्रित ट्रान्सक्रिप्टही काढा. 'तुमची पदवी इंग्रजीची आहे कशावरून' हा प्रश्न हमखास येतो.

आणि हात जोडून सांगतो, पदवी लॅमिनेट करू नका. आपल्याकडं कागद मिळाला की माणूस पहिलं झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्लास्टिक चढवतो. अपोस्टिलचं (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं त्या साक्षांकनाचं) स्टिकर आणि शिक्के कागदाच्या मागं बसतात, प्लास्टिकवर कोण मारणार? मग दुसरी प्रत काढा, परत महिने.

साक्षांकनाचा रस्ता असा: विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईला राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यायचे. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदाला ५० रुपये आहे. त्यावरचं जे काही सांगतील ते सेवाशुल्क, आणि कोण किती लावतं याला ताळतंत्र नसतो, दोन ठिकाणी विचारा.

अपोस्टिल हेग करारातल्या देशांना चालतं. जे करारात नाहीत, उदाहरणार्थ यूएई, त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. यादी बदलत असते (सौदी डिसेंबर २०२२ मध्ये आलं), म्हणून कागद पाठवायच्या आठवड्यातच हेग परिषदेच्या संकेतस्थळावर बघा. थायलंड आणि व्हिएतनाम दोघांचीही वाणिज्य दूतावास कार्यालयं मुंबईत आहेत, दिल्लीला जायची गरज नाही.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरूनच अर्ज, शुल्क ५०० रुपये, आणि अर्जात देशाचं नाव द्यावं लागतं. म्हणजे थायलंडसाठी काढलेली व्हिएतनामला दाखवता येत नाही. शिवाय सहा महिन्यांच्या आतली मागतात. लोक हौसेनं पहिल्यांदा तीच काढतात आणि पदवी येईस्तोवर ती शिळी होते.

पासपोर्टला साधं शुल्क १५०० रुपये, ३६ पानी. पत्ता जिथं पोलीस चौकशीला माणूस सापडेल तोच द्या. होस्टेलचा पत्ता दिला आणि सुट्टीत गावी गेलात की 'अर्जदार आढळून आला नाही' असा शेरा पडतो.

---

बालाघाट_मास्तर:

वरच्या उत्तरांशी सहमत, पण 'व्हिएतनाम-थायलंड हीच उघडी दारं' या वाक्याला माझी हरकत आहे. ती सहज उघडतात एवढंच. तिथल्या भाषाकेंद्रांचं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, करार वर्षाचा, आणि भारतीय शिक्षकाला तासाचा दर गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी सांगितला जातो. हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही. याउलट यूएई, ओमान, कतार, कुवेत इथल्या सीबीएसई शाळांत भारतीय शिक्षकच हवा असतो. मालदीवच्या शाळांतही आपले शिक्षक वर्षानुवर्षं आहेत. तिथं मातृभाषेचा प्रश्न येत नाही, प्रश्न बी.एड.चा येतो, आणि बहुतेक शाळा दोन वर्षांचा अनुभवही मागतात. यूएईसाठी पदवी नियमित वर्गातून की दूरस्थ, हेही विद्यापीठाकडून लेखी लागतं. तेव्हा बी.एड. नियमितच करा.

म्हणजे ताई, घरचे चुकीचं बोलत नाहीत, कारण वेगळं असेल एवढंच.

आता प्रमाणपत्रांची तुलना. तिन्हींत एकच गोष्ट बघायची: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती वेळ उभं केलं, आणि मागं बसून कुणी पाहिलं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतलं काम २० आठवड्यांचं, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. केंब्रिजच्या सेल्टामध्ये किमान १२० तास, त्यातले ६ तास प्रत्यक्ष पाठ, निदान दोन वेगवेगळ्या पातळीच्या विद्यार्थ्यांना, शिवाय चार लेखी असाइनमेंट. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा अभ्यासक्रम याच तोडीचा. आणि ते ऑनलाइन १२० तासांचं टेफल? व्हिडिओ बघा, प्रश्नमंजुषा सोडवा, पीडीएफ छापा. समोर एकही लेकरू नाही. १२० हा आकडा सेल्टासारखा दिसावा म्हणूनच बहुतेकांनी ठेवलाय. काही देशांच्या नियमांत ते बसतं, पण पहिल्या दिवशी वर्गात काहीच कामाला येत नाही.

सेल्टा लाखाच्या वर जातो आणि पैसे भरले की प्रवेश असं नाही. आधी भाषेचा लेखी टास्क, मग मुलाखत, आणि इंग्रजी सी-१ च्या आसपास पाहिजे. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे. त्या काळात दुसरं काही होत नाही, पाठ आखायचा, घ्यायचा, चिरफाड ऐकायची, रात्री दुसरा आखायचा. नापास होणारे इंग्रजीत कमी पडतात म्हणून होत नाहीत, काल सांगितलेली सुधारणा आजच्या पाठात दिसली नाही म्हणून होतात.

माझं मत विचाराल तर: या वर्षी बी.एड.ची सीईटी द्या, बी.एड. करतानाच आयईएलटीएसची तयारी. परीक्षा मात्र शेवटी द्या, निकाल दोनच वर्षं धरतात. सेल्टा त्यानंतर, तोही भाषाकेंद्राकडं वळायचं ठरलं तरच.

---

गोदाकाठ:

मास्तर, दर कमी सांगतात हे मान्य. पण दोन वर्षं बी.एड., दोन वर्षं इथं तुटपुंज्या पगारावर अनुभव, म्हणजे चार वर्षं. ज्याचं इंग्रजी आत्ताच ७ बँडचं आहे त्यानं सेल्टा करून वर्षभर व्हिएतनामला शिकवलं तर तो अनुभवही अनुभवच असतो. प्रश्न ताईंचा बँड किती हा आहे. एक सराव परीक्षा वेळ लावून द्या आणि सांगा.

---

अंबाजोगाई_टीवाय:

सगळ्यांचे आभार. कन्सल्टन्सीला 'नाही' म्हणून कळवलं. सराव परीक्षेत ६.५ आलं, लेखनात ६.

आणखी एक. ऑनलाइन मुलाखतीत १५ मिनिटांचा डेमो पाठ मागतात असं वाचलं. त्यात काय करायचं? आणि उच्चारासाठी ॲक्सेंटचा क्लास लावू का?

---

ओठ_आणि_दात:

ॲक्सेंटचा क्लास नको. अमेरिकन 'र' वळवायला शिकवतील आणि फी घेतील. मराठी माणसाचं इंग्रजी परदेशी विद्यार्थ्याला जिथं कळत नाही, त्या जागा मोजक्या आहेत.

पहिली म्हणजे प, ट, क. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हे हवेच्या झोतासह येतात. आपला प कोरडा. म्हणून आपलं 'पिन' बाहेरच्याला 'बिन' ऐकू येतं आणि 'कोट' 'गोट' होतो. कागदाची बोटभर पट्टी ओठांपुढं धरा. 'पिन' म्हणताना ती उडाली पाहिजे, 'स्पिन' म्हणताना नाही. आपल्याला वाटतं झोत हवा तर फ म्हणू, पण आपल्याकडं फळ, फार म्हणताना बरेच जण दात ओठाला लावतात, मग 'पिन'चं 'फिन' होतं. जुन्या पद्धतीनं दोन्ही ओठ मिटून काढलेला फ घ्या, तो जवळचा.

दुसरी, व. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपण एकाच व नं म्हणतो. एकात खालचा ओठ दाताला लागतो, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात कुठंच लागत नाहीत. तिसरी, 'झू', 'झिरो' मधला झ. आपला झ जड आहे. 'जास्त' मधला ज घ्या, जिभेचा शेंडा दातांमागं अगदी टेकू न देता सोडा, जमतो. 'मेझर' आणि 'मेजर' हे दोन वेगळे शब्द आहेत हेही कानाला शिकवा.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आघात. आपण प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. 'होटेल'मध्ये जोर 'टेल'वर, 'कमिटी'त 'मि'वर, 'डेव्हलप'मध्ये 'व्हे'वर. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. शब्दकोशात आघाताची खूण असते, नवा शब्द वहीत उतरवताना तीही उतरवा. रोज दहा शब्द, तीन महिने. क्लासपेक्षा हे स्वस्त.

आता डेमो. पंधरा मिनिटांत एकच गोष्ट शिकवायची. समजा 'युज्ड टू'. आपल्या सवयीप्रमाणं फळ्यावर नियम, मग उदाहरणं, मग 'अंडरस्टँड?' आणि समोरून 'येस'. मुलाखत घेणारा तिथंच पेन ठेवतो. 'समजलं का' याला कुणीच 'नाही' म्हणत नाही.

असं करा. वाक्य टाका: 'आय युज्ड टू लिव्ह इन लातूर.' मग विचारा: आता मी लातूरला राहते का? नाही. आधी राहत होते? हो. एक दिवस की बराच काळ? बराच काळ. या तीन प्रश्नांत अर्थ पक्का झाला आणि व्याकरणाचा एक शब्द वापरला नाही. सेल्टावाले यांना कन्सेप्ट चेकिंगचे प्रश्न म्हणतात. प्रश्नात 'युज्ड टू' हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर विद्यार्थी न समजता तेच परत करतो. मग उच्चार: 'युज्ड'मधला ड ऐकू येत नाही, 'यूस्टू' असं जोडून. दोन-तीनदा सगळ्यांकडून, मग एकेकाकडून. शेवटची पाच-सहा मिनिटं विद्यार्थ्यांनी एकमेकांना लहानपणाबद्दल विचारायचं आणि आपण गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात जड जातं. डेमो मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून मोजा, पंधरातली सहा मिनिटं तुमच्या आवाजाची निघाली तरी खूप झालं. पहिल्या खेपेला बाराच्या खाली येणार नाहीत.

सरावाला वर्ग पाहिजे तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, शनिवारचा एक तास मागा. निघताना लेटरहेडवर तारखा आणि तास लिहिलेलं पत्र घ्या.

आणि लेखनातल्या ६ चं म्हणाल तर 'डिस्कस अबाउट', 'टोल्ड टू हिम', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या तीन चुका आपल्या निबंधांत शोधा. तिन्ही मराठीतून येतात, आणि तिन्ही तुम्ही उद्या विद्यार्थ्यांना शिकवून बसाल.

---

जुना_टंकलेखक:

एक राहिलं. पासपोर्टच्या अर्जात जन्मस्थळ लिहिताना जन्मदाखला उघडून बघा. कुठं अंबाजोगाई असतं, कुठं अंबेजोगाई. जे जन्मदाखल्यावर आहे तेच, आपल्या मनानं दुरुस्त करायचं नाही.

तसंच जुन्या गुणपत्रकांवर औरंगाबाद आणि नव्या पदवीवर छत्रपती संभाजीनगर असेल तर बाहेरचा माणूस दोन गावं, दोन विद्यापीठं समजतो. त्यात औरंगाबाद बिहारातही आहे. २०२३ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर अर्जासोबत लावून द्या. धाराशिववाल्यांनीही हेच करायचं. स्कॅन रंगीत, मागची बाजूही, एका कागदाची एकच पीडीएफ.